एकरामागे तेहतीस वळणं

सोयाबीनच्या वावरात पंजी, म्हणजे दात्यांचं मशागतीचं अवजार, मारायची म्हटली की शेतकरी एकर मोजतो, डिझेल मोजतो, तास मोजतो. वळणं कोणी मोजत नाही. वावरातला एक तास, म्हणजे ओळ, शंभर मीटर लांब आणि मागचं अवजार चार फूट रुंद धरलं, तर एक एकर उरकायला साधारण 33 फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर संपते. तिथं अवजार मातीतून वर यायला हवं, ट्रॅक्टर वळायला हवा आणि पुढच्या तासाला अवजार परत मातीत बसायला हवं. पाच एकरांचा तुकडा असला की 165 वेळा उचलायचं, 165 वेळा टेकवायचं.

मोठ्या ट्रॅक्टरवर हे काम दोन बोटांचं असतं. जुन्या छोट्या ट्रॅक्टरवर ते पाठीचं असतं. सीटच्या बाजूला एक लांब लोखंडी दांडा, त्याला दात्यांची पट्टी आणि खटका. दांडा मागे ओढायचा, अवजार वर येतं, खटका अडकतो. दांड्याचा फायदा चौपट धरला तरी शंभर किलोच्या पंजीला दर वेळी 25 किलोचा ओढा द्यावाच लागतो, आणि पंजीच्या दात्यांना काळी माती लपेटली असेल तर त्याहून कितीतरी जास्त. संध्याकाळी घरी आलेला माणूस उजवा खांदा चोळत बसतो, त्याचं कारण स्टिअरिंग नसतं, हा दांडा असतो.

अशाच एका दांड्याच्या जागी हायड्रोलिक लिफ्ट बसवण्याचं काम शिरपूर जैनमध्ये जवळून पाहायला मिळालं. हा लेख त्या कामाविषयी आहे.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर बाहेरगावच्या माणसाला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे माहीत असतं. शिवारात गेलं की दिसतं ते सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, रब्बीला हरभरा, पाणी असेल तिथं हळद. जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि दोन पावसांनंतर पाय उचलवत नाही असा चिखल. या जमिनीत वाफसा फार थोडे दिवस टिकतो, आणि त्या थोड्या दिवसांत डवरणी झाली नाही तर तण पिकाच्या डोक्यावर बसतं. पूर्वी हे सगळं बैलांवर चालायचं. आता सालगडी मिळत नाही, बैलजोडी वर्षभर पोसणं झेपत नाही, आणि भाड्याचा मोठा ट्रॅक्टर उभ्या पिकात शिरू शकत नाही. म्हणून अरुंद चाकांचा छोटा ट्रॅक्टर. नवा घेणं ज्यांना जमत नाही ते जुना घेतात. सौराष्ट्रात छोट्या कारखान्यांतून निघालेले, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलेले असे ट्रॅक्टर कुठून कुठून हात बदलत विदर्भात येतात. इंजिन साधं, गिअरबॉक्स दणकट, दुरुस्ती गावात होते. उणीव एकच, मागे लिफ्ट नाही.

ही उणीव किती मोठी आहे हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. 1917 साली अमेरिकेत हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर आला आणि स्वस्त असल्यामुळे भराभर खपला. त्याच्यामागे नांगर नुसता साखळीनं किंवा आकड्यानं ओढला जाई. म्हणजे घोड्याच्या जागी इंजिन आलं, बाकी सगळं तसंच. नांगर खडकात अडकला की मागची चाकं जागेवर थांबत, इंजिन फिरतच राही आणि ट्रॅक्टरचं तोंड हवेत उचललं जाऊन तो चालकावर उलटा पडे. यात माणसं मेली. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन नावाच्या मेकॅनिकवर सरकारनं शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर नीट चालताहेत का हे पाहायची जबाबदारी टाकली. वावरं हिंडून त्यानं ओळखलं की दोष ट्रॅक्टरमध्ये नाही आणि नांगरातही नाही, दोष दोघांना जोडण्याच्या पद्धतीत आहे. नांगर ट्रॅक्टरचाच अवयव असला पाहिजे.

त्याने खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांची जोडणी केली. आज आपण ज्याला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतो ती हीच. त्या दांड्या उचलायला त्याने तेलाचा दाब वापरला. 1926 मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. त्यातली खरी करामत उचलण्यात नव्हती. नांगराला मातीचा विरोध वाढला की वरची दांडी, म्हणजे टॉप लिंक, दाबली जाते. तो दाब व्हॉल्व्हपर्यंत पोचवून नांगर आपोआप थोडा वर घ्यायचा आणि विरोध कमी झाला की परत खाली सोडायचा, ही ती करामत. शिवाय मातीचा विरोधच दांड्यांच्या मांडणीमुळे ट्रॅक्टरला जमिनीवर दाबून धरू लागला. ट्रॅक्टर उलटण्याऐवजी घट्ट बसू लागला. 1936 मध्ये फर्ग्युसनचा ट्रॅक्टर बाजारात आला. 1938 मध्ये त्याने फोर्डला प्रात्यक्षिक दाखवलं आणि दोघांनी कागद न करता हात मिळवून भागीदारी केली. 1939 मध्ये फोर्डचा 9 एन ट्रॅक्टर या जोडणीसह आला. फोर्डच्या नातवाने पुढे तो शब्द मोडला, खटला चालला आणि 1952 मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. दरम्यान 1946 पासून कॉव्हेंट्रीला त्याचा टीई 20 निघू लागला होता. 1956 पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. एडमंड हिलरी जानेवारी 1958 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच जातीच्या ट्रॅक्टरांवरून.

आपल्याकडे फर्ग्युसनचा वारसा 1960 च्या सुमारास मद्रासच्या टॅफेमार्फत मॅसी फर्ग्युसन म्हणून आला. मुंबईत महिंद्राने 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बी 275 बनवायला सुरुवात केली. मोठ्या ट्रॅक्टरांना लिफ्ट मिळाली, ती कायमची. दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्यासाठी कारखान्यातून लिफ्ट घेऊनच बाहेर पडणारे छोटे ट्रॅक्टर पुढे आले, पण ते सर्वांच्या खिशाला पेलले नाहीत. मधली जागा गावच्या मिस्त्र्यांनी भरली. 1994 च्या आसपास अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि अवजाराची चौकट बसवली. ती बुलेट सांती नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनमुळे देशभर माहीत झाली. अवजार शेतकऱ्याच्या हिशेबानं बदलणं आपल्याकडे नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते असं म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हते. जगानींनी मात्र शेतकऱ्याजवळ आधीच असलेल्या यंत्रालाच हात घातला, आणि माझ्या मते ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही.

आता शिरपूरच्या दुकानात येऊ. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक लेथ, वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर, गॅस कटर आणि बाहेर भंगाराचा ढीग. हायड्रोलिकचं ज्ञान इथं कोणत्या पुस्तकातून आलेलं नाही. ते पलटी होणाऱ्या ट्रॉलीच्या जॅकमधून आलं, जेसीबीच्या फुटलेल्या होज पाइपांमधून आलं, पंजाबातून हंगामाला येणाऱ्या हार्वेस्टरच्या दुरुस्तीतून आलं. मिस्त्री तिशीतला. ट्रॅक्टर ज्यांचा ते काका साठीच्या पुढचे. काकांना घाई होती, पाऊस तोंडावर होता.

मिस्त्रीने पहिले दोन दिवस पंप किंवा जॅक याला हातही लावला नाही. तो ट्रॅक्टरखाली झोपून मागचा धुरा (एक्सल), त्याची दोन्ही बाजूंची हाउसिंग आणि गिअरबॉक्सचे बोल्ट पाहत होता.

“काका, जॅक कितीबी दमदार आणा. ज्याच्यावर बसवला थे बीडच फुटलं, तं जॅक काय करीन?”

“मंग मार ना वेल्डिंग पक्कं.”

“बिडाले मी वेल्डिंग नाही मारत. आज धरते, अन् ऐन पेरणीत सोडते.”

हे अक्षरशः खरं आहे. धुऱ्याची हाउसिंग बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. बिडात कार्बन जास्त, ते ठिसूळ. एका जागी एकदम तापवून थंड झालं की वेल्डिंगच्या कडेनं बारीक चीर पडते आणि ती वरून दिसतही नाही. ते नीट जोडायचं तर आधी सगळा भाग सावकाश तापवावा लागतो, निकेलचा रॉड लागतो आणि परत राखेत किंवा वाळूत सावकाश थंड करावं लागतं. म्हणून मिस्त्रीने दुसरी वाट धरली. 12 मिमी जाडीच्या दोन प्लेटा कापून दोन्ही हाउसिंगवर जाड यू-क्लॅम्पांनी आवळल्या, त्यांना वर एका चॅनेलनं एकमेकींशी जोडलं आणि तो सांगाडा गिअरबॉक्सच्या मूळ बोल्टांवरही पकडला. उचलण्याचा जोर त्यामुळे एका ठिकाणी न पडता पसरला. या सांगाड्यावर बुशमध्ये फिरणारा आडवा शाफ्ट आणि त्याला दोन हात. ते हात खालच्या दोन दांड्यांना उचलतात.

खालच्या दांड्यांच्या टोकाच्या पिना 22 मिमीच्या, टॉप लिंकची 19 मिमीची. ही थ्री पॉइंट लिंकेजच्या पहिल्या कॅटेगरीची मापं. परदेशात बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरांना त्याहून लहान, 16 मिमीच्या पिनांची शून्य कॅटेगरी असते. पण गावात पंजी, वखर, पेरणी यंत्र मिळतं ते पहिल्या कॅटेगरीचं. लिफ्ट बसवली आणि शेजाऱ्याचं अवजार लागलंच नाही, तर उपयोग काय? मिस्त्रीने हा विचार न सांगता केला होता.

पंपाची जागा हा दुसरा कळीचा मुद्दा. त्याने भंगारातल्या यंत्राचा गिअर पंप घेतला होता. अशा पंपाच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, आणि उलटा फिरवला की पहिल्या मिनिटात त्याचं ऑइल सील बाहेर येतं. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा थेट पंपाच्या शाफ्टवर घालायचा मोह सगळ्यांना होतो. पण पट्ट्याचा बाजूचा ताण पंपाच्या आतल्या बुशला सोसत नाही. पंप अशा आडव्या ओढीसाठी बनलेला नसतो. मिस्त्रीने मध्ये एक छोटा शाफ्ट दोन बेअरिंगांवर बसवला, पट्टा त्याच्यावर घेतला आणि तिथून लव्हजॉय कपलिंगनं पंप फिरवला. ताण बेअरिंगांनी खाल्ला, पंपाला फक्त फिरणं उरलं.

आकडे सोपे आहेत. पंप एका फेऱ्यात 8 घन सेंटिमीटर तेल ढकलत असेल आणि मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर मिनिटाला 12 लिटर तेल मिळतं. जॅकचा आतला व्यास 50 मिमी. म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या वर. तो 15 सेंटिमीटर बाहेर यायला 300 घन सेंटिमीटरला थोडं कमी तेल लागतं, ते दीड सेकंदात भरतं. दाब चौरस सेंटिमीटरला 100 किलो ठेवला तर जॅक जवळजवळ 1960 किलोचा जोर देतो. जॅक 15 सेंटिमीटर सरकतो तेव्हा अवजार 45 सेंटिमीटर वर यायला हवं, म्हणून टोकाला जोर तिसरा हिस्सा उरतो, 650 किलो. घर्षण वजा केलं तरी पाचशेच्या वर. या सगळ्याला इंजिनाची पावणेतीन अश्वशक्ती लागते आणि तीही वळणावर, जेव्हा अवजार माती ओढत नसतं.

इथं काका खूश झाले. पाचशे किलो! मिस्त्री मात्र थांबला, आणि या सबंध कामात मला सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट ती इथंच घडली. तो म्हणाला, ट्रॅक्टरच सहाशे किलोचा आहे.

हिशेब मांडून पाहावा. सहाशे किलोच्या ट्रॅक्टरचं समजा 220 किलो वजन पुढच्या चाकांवर आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत 135 सेंटिमीटर अंतर. अवजाराचं वजन मागच्या धुऱ्याच्या 75 सेंटिमीटर मागे लटकतं. लटकणाऱ्या प्रत्येक 100 किलोमागे पुढच्या चाकांवरून 55 किलो निघून जातात. 400 किलो उचलले की पुढची चाकं हवेत. स्टिअरिंग वळावं म्हणून ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढे राहायलाच हवा, म्हणजे इथं 120 किलो. त्यामुळे सुरक्षित उचल जेमतेम 180 किलो. जॅकची ताकद ट्रॅक्टरच्या सोसण्याच्या तिप्पट आहे. लिफ्ट बसवणारे पुष्कळ लोक जॅक मोठा घेण्यात भूषण मानतात. हा हिशेब त्यांनी एकदा कागदावर करावा.

म्हणून मिस्त्रीने दाब मर्यादेत ठेवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा स्प्रिंग सैल केला. दाबाचं घड्याळ त्याच्याकडे नव्हतं, ते त्याने दुसऱ्या गावाहून मागून आणलं. काटा 100 वरून उतरवत पन्नासच्या आसपास आणला. आता टोकाला पावणेतीनशे-तीनशे किलोचा जोर राहिला. माती चिकटलेली पंजी उपटायला तो पुरतो आणि कोणी हौसेनं जडशीळ काही उचलायला गेलं तर तेल टाकीत परत जातं, ट्रॅक्टरचं तोंड वर येत नाही. पुढे बंपरला त्याने रेल्वेच्या रुळाचा 40 किलोचा तुकडा बांधला. तो पुढच्या धुऱ्याच्या अर्धा मीटर पुढे असल्यानं पुढच्या चाकांवर 55 किलोंचा भार वाढवतो. शंभर किलोची पंजी जेवढं काढून घेते तेवढं त्या रुळानं परत दिलं.

जॅक त्याने एकेरी घेतला, तेलाच्या दाबानं फक्त वर जाणारा. खाली तो अवजाराच्या वजनानं येतो. दुहेरी जॅक अवजार जमिनीत रेटू शकतो हे ऐकायला चांगलं वाटतं, पण हलक्या ट्रॅक्टरवर तो मातीत रेटण्याऐवजी मागची चाकंच उचलतो आणि चाकं जागेवर गरगरतात. वखराला आणि पंजीला जमिनीच्या चढ-उताराबरोबर वर-खाली होऊ द्यावं लागतं. लिव्हर खाली ठेवल्यावर तेल मोकळं सुटलं की ते होतं. फर्ग्युसनची ती आपोआप खोली राखण्याची करामत अशा घरगुती लिफ्टमध्ये येत नाही. त्यासाठी टॉप लिंकचा दाब ओळखणारा व्हॉल्व्ह लागतो आणि तो मूळ ट्रॅक्टरच्या रचनेतच असावा लागतो. म्हणून खोली ठरवायला अवजारालाच दोन छोटी चाकं लावायची. ही तडजोड पूर्ण समाधानाची नाही, पण पंजी, वखर, डवरा यांना ती पुरते. खोल नांगरणी या ट्रॅक्टरचं काम नाहीच.

पहिल्यांदा लिव्हर ओढली तेव्हा दांड्या झटके देत वर आल्या. तेलात हवा होती. परत येणारं तेल टाकीत वरून पडत होतं आणि फेस होत होता. मिस्त्रीने परतीचा पाइप तेलाच्या पातळीखाली नेला, दहा-बारा वेळा खाली-वर केलं, झटके थांबले. मग त्याने पोत्यांत वाळू भरून दीडशे किलोचं ओझं दांड्यांना टांगलं, इंजिन बंद केलं आणि जॅकच्या दांड्यावर खडूनं रेघ मारली. चहा येऊन संपेपर्यंत रेघ बोटभरही सरकली नाही.

मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे, 1955 पासूनची. तिथं मोठमोठ्या कंपन्यांच्या ट्रॅक्टरांची लिफ्ट तपासतात तेव्हा तत्त्व हेच असतं. दांड्यांच्या टोकाला किती उचलतं, त्याच्या 610 मिमी मागे चौकट लावून किती उचलतं आणि उचललेलं ओझं वेळ जाईल तसं किती खाली घसरतं. शिरपूरच्या मिस्त्रीने बुदनी पाहिलेलं नाही. वाळूची पोती आणि खडू घेऊन तो त्याच प्रश्नापर्यंत पोचला. त्याच्याकडे कमी होती ती मापनाची साधनं, आणि आपण केलेलं काम बरोबर आहे असं सांगणारं कोणी.

काही गोष्टी त्याने काकांना बजावून सांगितल्या, त्या प्रत्येकानं ऐकाव्यात. उचललेल्या अवजाराखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही. दाते बदलायचे तर अवजार जमिनीवर टेकवून किंवा खाली लाकडी ठोकळे देऊन. रस्त्यानं जाताना जॅकच्या भरवशावर न राहता साखळी अडकवायची. ट्रॅक्टर उभा करून घरी जाताना अवजार खाली. होज पाइपला बारीक गळती वाटली तर ती बोटानं चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायची. दाबाखालच्या तेलाची सुईएवढी धार कातडीतून आत घुसते. बाहेर ठिपक्याएवढी जखम दिसते, आत मांस सडायला लागतं. असं झालं तर दुखत नाही म्हणून थांबू नये, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जाऊन तेल आत गेलं आहे हे स्पष्ट सांगावं.

सरकारचं यांत्रिकीकरणाचं अनुदान नव्या, चाचणी झालेल्या यंत्रांना मिळतं. त्यात चूक काही नाही, लोकांचा पैसा तपासलेल्या यंत्रावरच जावा. पण वावरात चालतं त्यातलं पुष्कळ जुनं आहे आणि ते असंच दुरुस्त होत, बदलत चालणार आहे. त्या बदलाला आज कोणी विचारत नाही. कुठल्या तरी गावात कोणी बिडावर वेल्डिंग मारतो, कोणी रिलीफ व्हॉल्व्हच काढून टाकतो, आणि त्याची किंमत ट्रॅक्टरवर बसलेला माणूस मोजतो. चांगलं काम आणि धोक्याचं काम यांतला फरक बाहेरून दिसत नाही. दोन्हींवर रंग सारखाच मारलेला असतो.

शिरपूरपासून जवळच, रिसोड तालुक्यात करडा इथं जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथं कृषी अभियांत्रिकीचे जाणकार आहेत. वाशीममध्ये आयटीआय आहे. या तिन्ही ठिकाणी माझी मागणी एकच आहे आणि ती खर्चिक नाही. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, एक दिवस ठरवून जाहीर करा. दाबाचं चांगलं घड्याळ, वजनकाटा, लोखंडी वजनं आणि 610 मिमीची एक चौकट तयार ठेवा. ज्यांनी लिफ्ट बसवली आहे त्यांनी ट्रॅक्टर घेऊन यावं, पुढच्या चाकांवर किती वजन उरतं ते काट्यावर पाहावं, रिलीफ व्हॉल्व्ह किती दाबाला सुटतो ते घड्याळावर पाहावं आणि त्याचा एक कागद घेऊन घरी जावं. मिस्त्र्यांनाही बोलवा, त्यांना शिकवायला म्हणून नव्हे, त्यांच्याकडून नोंदी घ्यायला. कोणत्या जुन्या ट्रॅक्टरला क्लॅम्प कुठे बसतो, कोणत्या हाउसिंगला चीर जाते, हे आज त्यांनाच माहीत आहे आणि ते कुठेही लिहिलेलं नाही.

आणि ज्यांच्याकडे असा जुना छोटा ट्रॅक्टर आहे त्यांनी या दिवाळीनंतर हरभऱ्याची पेरणी उरकली की तो वजनकाट्यावर नेऊन आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची चाकं अशी दोन वजनं करून घ्यावीत. मिस्त्रीकडे जाताना तो कागद सोबत असू द्यावा.